आकडा आधी मोजा, मग अर्थ लावा: पवित्र शास्त्रातल्या संख्या वाचायची रीत

बायबलमध्ये आकडा दिसला की त्याचा अर्थ काय, हा प्रश्न सगळ्यांत शेवटी विचारायचा असतो. आपल्याकडे तो आधी विचारला जातो आणि तिथेच गाडी घसरते. जालना, बीड, परभणीकडच्या छोट्या मंडळ्यांत संडे स्कूल घेणारे, तरुण संघ चालवणारे, पाळक बाहेरगावी असले की संदेशाला उभे राहणारे माझ्यासारखे लोक मोबाइलवर आलेला तक्ता उघडतात. ३ म्हणजे त्र्यैक्य, ६ म्हणजे माणूस, ७ म्हणजे पूर्णता, ८ म्हणजे नवी सुरुवात. मग शास्त्रात कुठेही ८ आला की नवी सुरुवात झालीच म्हणून समजा. तक्ता शेजारी ठेवून वाचलं की वचनाला फक्त मान डोलवायचं काम उरतं.

खाली दिलेला क्रम बदलू नका. बहुतेक चुका आकड्याच्या अज्ञानामुळे होत नाहीत, तिसरी पायरी पहिल्यांदा चढल्यामुळे होतात.

## तयारी

टेबलावर दोन मराठी भाषांतरं हवीत. एक बायबल सोसायटीचं नेहमीचं पवित्र शास्त्र, दुसरं सोप्या मराठीतलं. सोबत शंभर पानी वही आणि पेन्सिल. वही आडवी धरून पाच रकाने आखा: संदर्भ, आकडा, कशाचा आकडा, कोण मोजतंय, आणि पाचवा "म्हणून काय?". हा पाचवा रकाना शेवटपर्यंत कोरा ठेवायचा. पेन वापरू नका. मी पहिल्या वर्षी पेन वापरला आणि त्या वहीतला पाचवा रकाना आज खाडाखोडीने काळा दिसतो.

एका वेळी एकच पुस्तक घ्या. मार्क बरा, सोळाच अध्याय आहेत. प्रकटीकरणापासून सुरुवात करायचा मोह सगळ्यांना होतो. तो आवरा.

सावध: अध्याय आणि वचनांचे क्रमांक मूळ लिखाणात नव्हते. अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकात स्टीफन लँगटन यांनी केली आणि नव्या करारातली आजची वचनं रोबेर एस्तिएन या मुद्रकाने १५५१ साली पाडली. त्यामुळे "योहान ३:१६, तीन अधिक एक अधिक सहा बरोबर दहा, म्हणजे दहा आज्ञा" ही बेरीज फार तर त्या मुद्रकाच्या खात्यात जमा होईल. स्तोत्रांचे क्रमांकही सगळीकडे एक नाहीत. मेंढपाळाचं आपलं २३वं स्तोत्र जुन्या लॅटिन क्रमात २२वं आहे.

## टप्पा १: आकडा एककासकट उतरवा

नुसता "६" लिहायचा नाही. सहा काय? योहान २:६ मध्ये काना गावच्या लग्नात, जिथे येशूने पाण्याचा द्राक्षारस केला, सहा दगडी रांजण आहेत. तक्तेवाले इथे लगेच म्हणतात, सहा म्हणजे अपूर्ण, सातवा रांजण येशू. ऐकायला छान वाटतं. पण त्याच वचनात पुढे प्रत्येक रांजणाचं माप दिलंय, ते कोणी वाचत नाही. एका रांजणात अंदाजे ८० ते १२० लिटर मावतं. सहांचे झाले ४८० ते ७२०. आपल्या घरावरची काळी टाकी ५०० लिटरची असते. म्हणजे गच्च भरलेली एक टाकी, कदाचित दीड टाकी द्राक्षारस, तोही लग्न अर्ध्यावर आल्यानंतर. टँकरची वाट बघत घागरी रांगेत लावलेल्या माणसाला हे चित्र वेगळं समजावून सांगावं लागत नाही. इथे योहानाने आकडा दिलाय तो विपुलता डोळ्यांसमोर यावी म्हणून, आणि ती यायला रांजणांची संख्या व माप दोन्ही लागतात.

कोण मोजलं आणि कोण सुटलं, हेही लिहा. मत्तय १४:२१ मधले पाच हजार हे पुरुष आहेत, बायकामुलं वेगळी. गणना १:४६ मधले ६,०३,५५० म्हणजे वीस वर्षांवरचे, लढाईला जाऊ शकणारे पुरुष, आणि लेवी वंशाचे त्यात धरलेले नाहीत. "इस्राएलची लोकसंख्या सहा लाख" असं फळ्यावर लिहिलंत तर ते चूक.

वेळेचे आकडे जपून उतरवा. जुन्या धाटणीच्या भाषांतरात "तिसरा तास" असतो तो सूर्योदयापासून मोजलेला, म्हणजे सकाळचे नऊ. मार्क १५:३३ मधला सहावा ते नववा तास म्हणजे दुपारी बारा ते तीन. रात्रीचा "चौथा प्रहर" मात्र आपल्या लोकांना पटकन कळतो: रात्रीचे चार प्रहर, शेवटचा पहाटे तीन ते सहा.

तपासा: दुसरं भाषांतर उघडून तेच वचन पाहा. फरक दिसला तर घाबरू नका, त्याची दोन कारणं असतात. एक, भाषांतरकाराने माप बदललेलं असतं. प्रकटीकरण २१:१६ मधलं नगर मुळात १२,००० स्तादिया (अंतराचं जुनं ग्रीक माप) लांब आहे. त्याचे कोस किंवा किलोमीटर केले की अंतर कळतं, पण त्यातला बारा गायब होतो. दुसरं, हस्तलिखितांतच फरक असतो. लूक १०:१ मध्ये काही हस्तलिखितांत सत्तर शिष्य आहेत, काहींत बहात्तर. मत्तय १८:२२ मध्ये तर मूळ ग्रीक शब्दच दोन्हीकडे वळतो, सत्तर गुणिले सात किंवा सत्त्याहत्तर. तळटीप असेल तर ती वहीत उतरवा, मगच पुढे जा.

## टप्पा २: मोजण्याची पद्धत ओळखा

येशूला शुक्रवारी संध्याकाळी कबरेत ठेवलं, रविवारी पहाटे कबर रिकामी. हे तीन दिवस कसे, असा प्रश्न कोणी ना कोणी विचारतोच. उत्तरासाठी ग्रीक शिकायला नको, आपली मराठी पुरते. सोमवारी नळाला पाणी आलं आणि शेजारीण म्हणाली "आता आठ दिवसांनी", तर आपण पुढच्या सोमवारी हंडे काढतो, मंगळवारी नाही. सात दिवसांच्या आठवड्याच्या नावातच आठ बसलेला आहे. "पंधरा दिवसांनी या" म्हणजे दोन आठवडे, चौदा दिवस. पहिला आणि शेवटचा, दोन्ही दिवस धरून मोजायची ही रीत. शास्त्रातही ती सर्रास आहे. शुक्रवार एक, शनिवार दोन, रविवार तीन. योहान २०:२६ मध्ये "आठ दिवसांनंतर" शिष्य पुन्हा घरात जमले आणि थोमा सोबत होता, तो पुढचा रविवार.

येशूचं रूप पालटलं त्या डोंगरावर जायच्या आधी मत्तय १७:१ मध्ये सहा दिवस गेले, लूक ९:२८ मध्ये सुमारे आठ. लूकचा "सुमारे" वगळून वाचणारे इथे शास्त्राची चूक सापडली म्हणून नाचतात आणि भोळे भाविक उगाच गप्प बसतात. दोघांनीही "सुमारे" वाचलेला नसतो.

माझी फजिती या टप्प्यावर झाली. लेंटच्या, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या, आधीच्या अभ्यासात मी फळ्यावर लिहिलं: राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत चाळीस दिवस. मागच्या बाकावरच्या एका आजींनी अंगठा करंगळीच्या खालच्या पेरावर ठेवला आणि ओठ हलवत मोजायला लागल्या. चार बोटं, प्रत्येकाला तीन पेरं, एका फेरीत बारा. तीन फेऱ्या झाल्या. चौथ्या फेरीत अंगठा तर्जनीच्या पहिल्या पेरावर थांबला. "लेकरा, हे तर शेहेचाळीस भरतेत की." वर्ग हसला. मी घरी येऊन कॅलेंडर काढलं. शेहेचाळीसच. मधले सहा रविवार उपवासात धरत नाहीत, ते वजा केले की चाळीस. हे मला ठाऊक असायला हवं होतं, कारण चाळीसवर मी पाऊण तास बोलणार होतो.

तपासा: दिवस, वर्षं, पिढ्या यांचा प्रत्येक आकडा बोटांवर मोजून झाला का? झाला नसेल तर तिसरा टप्पा नको.

## टप्पा ३: चारपैकी कुठल्या कप्प्यात बसतो ते ठरवा

कप्पे याच क्रमाने तपासायचे. पहिल्यात बसला तर पुढचा उघडायचाच नाही.

पहिला कप्पा, साधी मोजदाद. प्रेषितांची कृत्ये २७:३७ मध्ये जहाजावर २७६ माणसं आहेत. जहाज फुटलं आणि सगळे वाचले, म्हणून किती होते ते सांगितलं. संपलं.

दुसरा कप्पा, बोलीतला आकडा. "चार लोक काय म्हणतील" यातले चार कोण, हे आपण विचारत नाही. बारा गावचं पाणी प्यालेल्या माणसाची गावं कोणी मोजत नाही, आणि अठराविश्वे दारिद्र्यातल्या अठराचा हिशेब मागत नाही. इब्री भाषेत चाळीसचा असा वापर पुष्कळदा दिसतो. शास्ते ३:११, ५:३१, ८:२८ अशा तीन ठिकाणी देशाला चाळीस वर्षं विसावा मिळतो. इथे एक पिढीभर, असं समजून पुढे जावं. मात्र बोलीतला आकडा म्हणजे खोटा आकडा, असं वर्गात म्हणू नका. "शंभर वेळा सांगितलं" म्हणणारी आई खोटं बोलत नसते.

तिसरा कप्पा, मांडणीतला आकडा. लेखकाने आकडा जमावा म्हणून मजकूर तसा रचलेला असतो. मत्तय १:१७ उत्तम. अब्राहाम ते दावीद चौदा पिढ्या, दावीद ते बाबेलचा बंदिवास चौदा, तिथून ख्रिस्तापर्यंत चौदा. आता १ इतिहास ३:११-१२ शेजारी ठेवा. योराम आणि उज्जीया यांच्यामधले अहज्या, योवाश, अमस्या हे तीन राजे मत्तयाच्या यादीत नाहीत. शेवटच्या गटातली नावं मोजा, आधीच्या गटातल्या यखन्याला पुन्हा धरलं नाही तर तेराच भरतात. म्हणजे चौदा हा आकडा मत्तयाला हवाच होता. का? दावीद हे नाव इब्रीत तीन अक्षरांचं, ४ + ६ + ४ = १४. हा कारणाचा अंदाज आहे, बऱ्याच अभ्यासकांना पटलेला. पण चौदाची मांडणी मुद्दाम केली, हे वचन स्वतः सांगतं. वर्गात ही दोन वाक्यं वेगवेगळी बोला.

चौथा कप्पा, अक्षरांची बेरीज. जुन्या इब्री आणि ग्रीकमध्ये अक्षरंच आकडे म्हणून वापरत, त्यामुळे प्रत्येक नावाची बेरीज निघते. ११९वं स्तोत्र उघडा. बऱ्याच आवृत्त्यांत आलेफ, बेथ असे मथळे दिसतील. २२ अक्षरं, प्रत्येकाला ८ वचनं, एकूण १७६. ही ती अक्षरं.

सावध: हे मराठी अक्षरांना लागू नाही. अ म्हणजे १, आ म्हणजे २ असं धरून नेत्यांच्या नावांची बेरीज करणारे संदेश मोबाइलवर फिरतात. त्यांचा शास्त्राशी काडीचाही संबंध नाही. इंग्रजी अक्षरांनाही नाही.

या टप्प्यावर सराव करायचा तर योहान २१:११ मधले १५३ मासे घ्या. एक ते सतरापर्यंतच्या संख्यांची बेरीज १५३ येते, हे जुन्या मंडळीतला थोर शिक्षक ऑगस्टीन याने दाखवलं आणि दहा आज्ञा अधिक आत्म्याची सात दानं मिळून सतरा, असा अर्थ लावला. त्याच काळातला बायबलचा भाषांतरकार जेरोम याच्या मते जगात माशांच्या १५३ जाती धरत, म्हणून सर्व प्रकारची माणसं. दोघेही थोर, दोघांची उत्तरं वेगळी, आणि योहान स्वतः यातलं एकही सांगत नाही. तो सांगतो की मासे मोठे होते आणि जाळं फाटलं नाही. माझा कौल पहिल्या कप्प्याला. जायकवाडीच्या काठावर पहाटे जाळं ओढून आलेल्या कोळ्याला किती मिळाले विचारा, तो मोजूनच सांगेल. ज्याला हा आकडा खोल वाटतो त्याने तसं म्हणावं, पण "मला वाटतं" हे दोन शब्द आधी लावावेत.

## टप्पा ४: जोड शास्त्रातच शोधा

आता कुठे पाचव्या रकान्याकडे पाहायचं, आणि तिथे काही लिहायला दोन साक्षी हव्यात. अनुवाद १९:१५ चा नियम मी आकड्यांनाही लावतो.

पक्की जोड कशी दिसते पाहा. गणना १४:३४ मध्ये हेरांनी देश पाहायला लावलेले चाळीस दिवस आणि रानातली चाळीस वर्षं यांचा हिशेब वचनातच लिहिलाय, एका दिवसाला एक वर्ष. येशू रानात चाळीस दिवस राहतो आणि सैतानाला उत्तर देताना अनुवादातली, म्हणजे त्याच रानातल्या प्रवासाशी निगडित वचनं वापरतो. दोन साक्षी झाल्या. लिहा.

बाराचंही तसंच. येशूच्या बारा शिष्यांतला यहूदा गेल्यावर अकरांनी काम चालवलं असतं तर बिघडलं काय असतं? पण कृत्ये १ मध्ये चिठ्ठ्या टाकून मथ्थियाला घेतलं, बारा भरले, आणि येशूने मत्तय १९:२८ मध्ये बारा राजासनं व इस्राएलचे बारा वंश आधीच जोडून ठेवले होते.

सत्त्याहत्तरची जोड बहुतेक जण चुकवतात. उत्पत्ती ४:२४ मध्ये लामेख सत्त्याहत्तर पट सूडाची फुशारकी मारतो. मत्तय १८ मध्ये पेत्र सात वेळा क्षमा करू का विचारतो तेव्हा येशूचं उत्तर त्या फुशारकीला उलटं करतं. भावकीच्या बांधाच्या भांडणात पिढ्या घालवलेल्या गावात हे वचन घ्यायचं असेल तर उत्पत्ती ४ आधी वाचा, ४९० चा गुणाकार नंतर.

कच्ची जोड? योहान ५:५ मधला माणूस अडतीस वर्षं आजारी, अनुवाद २:१४ मध्ये प्रवासाला अडतीस वर्षं. आकडा तोच, पण योहानाच्या त्या अध्यायात रानातल्या प्रवासाची आठवण करून देणारं दुसरं काही नाही. रकाना कोरा.

## टप्पा ५: प्रकटीकरण, सगळ्यांत शेवटी

इथे आकडे खरोखर चिन्हं म्हणून येतात, आणि पुस्तक ते लपवत नाही. सात मंडळ्या, सात शिक्के, सात कर्णे, सात वाट्या. अध्याय ७ मधले १,४४,००० म्हणजे बारा वंशांतून बारा-बारा हजार. वंशांची यादी बोटांवर मोजा, दान नाही, योसेफ आणि मनश्शे मात्र दोन्ही आहेत. शिरगणतीची यादी अशी नसते. शिवाय योहान हा आकडा ७:४ मध्ये ऐकतो, आणि मग ७:९ मध्ये वळून पाहतो तर कोणालाही मोजता न येणारा समुदाय उभा आहे. ४ आणि ९ ही दोन वचनं तोडून शिकवू नका.

साडेतीन वर्षं, बेचाळीस महिने, १,२६० दिवस हा एकच काळ तीन तऱ्हांनी सांगितलाय. भागून पाहा. साताचा अर्धा. श्वापदाला बेचाळीस महिनेच अधिकार मिळतो (१३:५). मराठीत आपण "औट घटकेचं राज्य" म्हणतो, आणि औट म्हणजे साडेतीन. दोन्हींचा उगम एक नाही, त्यामुळे हा पुरावा म्हणून वापरू नका. पण जोरात दिसणारी सत्ता मोजक्या घटकांची आहे, हे म्हाताऱ्या माणसाला एका शब्दात पोचतं.

६६६ बद्दल (१३:१८). ते माणसाची संख्या आहे आणि ती मोजा, असं वचनच म्हणतं, म्हणजे चौथा कप्पा. नेरोन केसर, म्हणजे रोमी सम्राट नेरो, हे नाव इब्री अक्षरांत: ५०, २००, ६, ५०, मग १००, ६०, २००. बेरीज ६६६. काही जुन्या हस्तलिखितांत इथे ६१६ आहे, आणि लॅटिन उच्चाराप्रमाणे नेरोनमधला शेवटचा न काढला की पन्नास कमी होऊन बरोबर ६१६ येतात. म्हणून बहुतेक अभ्यासकांचा कल नेरोकडे आहे. गाडीची नंबर प्लेट, आधार क्रमांक, लसीचा कोड यांचा इथे संबंध लावू नका. योहानाचे पहिले वाचक ज्याने केलेला छळ ओळखत होते त्याच्याविषयी ते वाचत होते.

सावध: १,२६० किंवा दानीएल ९ मधल्या सत्तर सप्तकांवरून कोणी येशूच्या पुन्हा येण्याची तारीख काढून आणली तर वही मिटा आणि मार्क १३:३२ वाचून दाखवा. वाद घालत बसू नका.

## टप्पा ६: न जुळणारे आकडे झाकू नका

दावीदाने केलेली शिरगणती २ शमुवेल २४:९ मध्ये इस्राएलचे आठ लाख आणि यहूदाचे पाच लाख, तर १ इतिहास २१:५ मध्ये अकरा लाख आणि चार लाख सत्तर हजार. कोण मोजलं कोण सोडलं इथपासून नकलेतल्या चुकीपर्यंत अनेक स्पष्टीकरणं दिली जातात. वर्गात दोन्ही आकडे शेजारी लिहा. मुलं मोबाइलवर ते शोधतातच. आधी तुमच्या तोंडून ऐकलेलं बरं.

## टप्पा ७: सांगताना

तीनच प्रकारची वाक्यं वापरा: "वचन म्हणतं", "बरेच अभ्यासक म्हणतात", "मला वाटतं". पाच मिनिटांत एकापेक्षा जास्त आकडा नको, लोक बेरजेत अडकतात आणि वचन राहून जातं. मोठा आकडा ओळखीच्या वस्तूत सांगा, टाकी, पोतं, बाजाराची गर्दी, पण तो दोनदा तपासून.

पहिल्या सरावासाठी मार्क ५:२१-४३ घ्या. एक बाई बारा वर्षं रक्तस्रावाने आजारी. त्याच गोष्टीत याईराची मुलगी बारा वर्षांची. दोन्ही ओळी वहीत लिहा. मग मत्तय ९ पाहा, बाईची बारा वर्षं आहेत, मुलीचं वय नाही. लूक ८ पाहा, मुलीचं वय सुरुवातीलाच येतं. मार्क मात्र ते अगदी शेवटी सांगतो, मुलगी उठून चालायला लागल्यावर, आणि लगेच तिला काहीतरी खायला द्या असं येशू म्हणतो. कप्पा ठरवा, साक्षी मोजा, आणि पाचव्या रकान्यात जे लिहाल ते पेन्सिलनेच लिहा.